माणसे तोडणारी जवळीक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत घरगुती हिंसेचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्यात मारहाणीकडे वळण्याआधी विवाहित स्त्रीला सहा प्रश्न विचारले जातात. तुम्ही दुसऱ्या पुरुषाशी बोललात तर पतीला मत्सर वाटतो किंवा राग येतो का? तुम्ही एकनिष्ठ नाही असा आरोप ते वारंवार करतात का? मैत्रिणींना भेटू देत नाहीत का? माहेरच्या माणसांशी तुमचा संबंध कमी व्हावा असा प्रयत्न करतात का? तुम्ही कोणत्याही वेळी कुठे आहात हे आपल्याला कळलेच पाहिजे असा आग्रह धरतात का? पैशांच्या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत का? हे प्रश्न मी प्रथम वाचले तेव्हा सहापैकी बहुतेक प्रश्न पती-पत्नींमधल्या व्यवहाराबद्दल नसून ती स्त्री आणि बाहेरचे जग यांना जोडणाऱ्या वाटांबद्दल आहेत, हे माझ्या लक्षात आले. ती कुणाशी बोलते, कुणाला भेटते, कुठे जाते, हातात काय घेऊन जाते, एवढेच त्यांत विचारलेले आहे.

या विभागासाठी एका घरातून एकाच स्त्रीची निवड होते आणि तिच्याशी एकांतात बोलता येणार नसेल तर हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. तिच्या सुरक्षिततेसाठी हा नियम आवश्यकच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की जिला घरात क्षणभरही एकटे सोडले जात नाही, तिचे उत्तर त्या आकडेवारीत येण्याची शक्यता सर्वांत कमी. एकांत न मिळणे आणि एकटे पडणे या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतात.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. नातेसंबंधांतले नियंत्रण कसे दिसते हे मला पुस्तकांच्या आधी काउंटरवर दिसले. खाते पत्नीचे, पगार तिचा, पण नोंदवलेला मोबाइल क्रमांक पतीचा, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा संदेश आणि ओटीपी त्याच्याच फोनवर. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. ती शाखेत येते ती केवळ सहीपुरती, आणि तो शेजारी उभा राहून फॉर्मवर बोट ठेवतो. अशी व्यवस्था असंख्य घरांत राजीखुशीने चालते हे मला ठाऊक आहे आणि तशा प्रत्येक घराकडे संशयाने पाहावे असे मी म्हणत नाही. फरक कळतो तो तिने काही वेगळे मागितले की. एखादी बाई एकटी येते, नोंदवलेला क्रमांक बदलण्याचा अर्ज मागते आणि लगेच विचारते, ‘बदलल्याचा मेसेज जुन्या नंबरवर जातो का हो?’ त्या एका प्रश्नात तिच्या घरातले हवामान कळून येते. स्वतःच्याच पैशांपर्यंत पोचताना तिला भीती वाटत असते, आणि एखादी व्यवस्था आपखुशीची आहे की लादलेली, हे ओळखायला मला त्या भीतीहून चांगली खूण माहीत नाही.

एका शाखेत माझ्याबरोबर एक तरुण सहकारी होती. लग्नानंतर बदली घेऊन आली, कामात चलाख, दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांच्या मध्ये बसणारी. सुरुवातीला पोचल्याचा फोन असे. मग जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल येऊ लागला आणि शेजारी कोण बसले आहे ते दाखवण्यासाठी फोन गोल फिरवावा लागू लागला. पुढे फोनवरचे लोकेशन सतत चालू ठेवण्याचे ठरले. काही महिन्यांनी तिने भिशी सोडली, डबा स्वतःच्या टेबलावर खाऊ लागली आणि पदोन्नतीची परीक्षा द्यायची नाही असे सांगितले, कारण वर गेले की बदली आली आणि घरी पोचायला उशीर आला. यातली एकेक गोष्ट इतकी लहान होती की तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यालाच कोत्या मनाचे ठरवता आले असते. नवा संसार आहे, नवऱ्याचा जीव आहे तिच्यावर, असेच बहुतेक जण म्हणत. मी एकदा तिला बाजूला घेऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘त्यांना माझ्याशिवाय कुणीच नाही हो, मॅडम. मला उशीर झाला तर ते जेवत नाहीत.’

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिने नवऱ्याच्या रागाची तक्रार केली नाही, त्याच्या एकाकीपणाचे ओझे सांगितले. त्याला मित्र नव्हते, भावंडांशी बोलणे नव्हते, कार्यालयातल्या कुणावर विश्वास नव्हता, आणि ही सगळी रिकामी जागा एकट्या बायकोने भरावी अशी त्याची मागणी होती. ती मागणी ओरडून केली जात नव्हती. ताट न वाढता बसून राहणे, काही न बोलणे, ‘तू गेलीस तर माझे काय होईल ते तूच बघ’ असे हळू आवाजात सांगणे, असे तिचे रूप होते. रागाला उत्तर देता येते, पण अशा अगतिकतेपुढे प्रेमळ माणूस निरुत्तर होतो आणि समोरच्याच्या दुःखाची जबाबदारी आपली आहे असे मानून आपल्याच वाटा स्वतःच्या हातांनी बंद करत जातो.

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, अगदी जवळचे, जिवाभावाचे असे माणूस नसल्याचा. दुसरा, मित्र, शेजारी, सोबती यांचा गोतावळा नसल्याचा. त्याचा महत्त्वाचा मुद्दा असा की यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. चाळीस मैत्रिणी असल्या तरी जोडीदाराच्या विरहाची पोकळी राहते, आणि जोडीदार चोवीस तास समोर असला तरी मैत्रिणींची जागा रिकामीच राहते. ज्याने आपला सगळा गोतावळा गमावला आहे किंवा कधी जोडलाच नाही, तो ती भूक बायकोकडून, नवऱ्याकडून किंवा मुलाकडून भागवू पाहतो तेव्हा तो अशक्य गोष्ट मागत असतो. ती मिळत नाही म्हणून तो आणखी घट्ट धरतो, आणि समोरचे माणूस श्वास घेण्यासाठी जराही मागे सरले की त्याला ते सोडून जाणेच वाटते.

शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांच्या मांडणीनुसार एकाकी माणसाचे मन सामाजिक धोक्यांविषयी अधिक सावध होते, त्याला नकाराची चिन्हे लवकर दिसतात, साध्या गोष्टींतही ती दिसतात, आणि त्या सावधपणामुळे तो असे वागतो की माणसे खरोखरच दूर जातात. पाळत ठेवणाऱ्या प्रेमाची गती मला यातून समजते. फोन उचलायला उशीर झाला म्हणून संशय येतो, फोन उचलल्यावर आवाज वेगळा वाटला म्हणून येतो, आवाज नेहमीचाच असला तर ती आता सराईत झाली म्हणून येतो. कितीही पुरावे दिले तरी ते त्या त्या क्षणापुरतेच असतात आणि पुढचा क्षण पुन्हा मोकळाच राहतो. म्हणून ‘एकदा त्यांचा विश्वास बसला की सगळे सुरळीत होईल’ ही अशा घरातल्या बाईची आशा बहुधा कधीच पुरी होत नाही. तिने पासवर्ड दिला, नोकरी सोडली, माहेर तोडले, तरी तो विश्वास बसत नाही, कारण जो रिकामेपणा भरायचा आहे तो तिच्या वागण्यातून आलेलाच नसतो.

हे समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. जगात एकाकी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक कुणाचे लोकेशन तपासत नाहीत, कुणाचा पगार काढून घेत नाहीत. आपल्या एकाकीपणावर उपाय म्हणून दुसऱ्याला एकाकी करणे ही निवड आहे, आणि आपल्याकडे ती निवड करणे पुरुषाला फार सोपे जाते, कारण बायकोवर घरातल्या पुरुषाची मालकी मानणारी रीत त्याच्या सोबतीला असते, लग्नात ‘आता तेच तुझे घर’ असे मुलीला शिकवलेले असते आणि मत्सर हे प्रेमाचे माप समजणारे नातेवाईक असतात.

एकटे पाडण्याला किती ताकद असते हे दाखवणारा सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास घरांचा नसून युद्धकैद्यांचा आहे. १९५०-५३ च्या कोरियन युद्धात चिनी सैन्याच्या हाती सापडलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या सैनिकांनी खोटे कबुलीजबाब का दिले, याचा शोध अल्बर्ट बिडरमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने घेतला आणि १९५७ मध्ये त्या पद्धतींचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात आठ गोष्टी होत्या. कैद्याला एकटे पाडणे, त्याचे सारे लक्ष कैद करणाऱ्यावरच खिळलेले राहील असे करणे, शरीर-मनाने थकवणे, धमक्या, अधूनमधून एखादी सवलत, आपल्या हाती सर्व काही आहे असा देखावा, मानहानी, आणि क्षुल्लक नियम सक्तीने पाळायला लावणे. शारीरिक छळाशिवायही एवढ्याने काम भागत असे. पुढे स्त्रियांच्या आधारगृहांत काम करणाऱ्यांना याच यादीत त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांच्या हकिकती दिसल्या, आणि ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये कैदेतल्या आणि घरातल्या बंदिवासाचे हे साम्य सविस्तर मांडले.

त्या यादीतली ‘अधूनमधून सवलत’ ही गोष्ट बाहेरच्यांना सर्वांत जास्त फसवते. आठवडाभराच्या अबोल्यानंतर तो अचानक साडी आणतो, बाहेर जेवायला नेतो, लहान मुलासारखा रडतो. तिला वाटते की हाच खरा तो. आणि क्षुल्लक नियमांचे तर काय सांगावे. पदर असा, भाजी अशी चिरलेली, आंघोळ अमुक वेळेला, मेसेजला उत्तर अमुक मिनिटांत. नियमाला स्वतःचे काही मोल नसते. तो पाळताना दिवसभर मनात त्याचाच विचार राहावा, हे त्याचे काम असते. इव्हान स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाने २००७ मध्ये या सगळ्याकडे मारहाणीच्या चष्म्यातून पाहणे सोडा आणि स्वातंत्र्य हिरावण्याचा गुन्हा म्हणून पाहा, असे आग्रहाने मांडले. त्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून जवळच्या नात्यातले असे सततचे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

आपल्याकडे अशा नावाचा गुन्हा नाही, परंतु २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ पुढचा आहे. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि भावनिक छळ व आर्थिक छळ यांना तो हिंसाच मानतो. त्या कायद्याखालच्या नमुना अर्जात छळाचे प्रकार लिहिलेले आहेत, आणि त्यांत घराबाहेर पडू न देणे, नोकरी करू न देणे, विशिष्ट व्यक्तीला भेटण्यास मज्जाव करणे, पगार काढून घेणे हे स्पष्ट शब्दांत आहे. ज्या बाईला ‘मारत तर नाही ना, मग तक्रार कसली’ असे ऐकवले जाते तिने तो अर्ज एकदा वाचावा. या कायद्याचा आधार घेण्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, राहते घर सोडावे लागत नाही, आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही, तसेच आई, बहीण, मुलगी यांनाही तो लागू होतो. फोन आणि इंटरनेटवरच्या पाळतीबाबत सांगायचे तर स्त्रीच्या इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे २०१३ पासून दंडनीय आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ मध्ये आले आहे.

माझ्या दृष्टीने २००५ च्या कायद्यातले सर्वांत मोलाचे कलम चौथे आहे. घरगुती हिंसा होत आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारीण, सहकारी, कामवाली, डॉक्टर, शाळेतल्या बाई, कुणीही. ‘नवरा-बायकोच्या भानगडीत तिसऱ्याने पडू नये’ ही आपली जुनी समजूत कायद्याने वीस वर्षांपूर्वीच मोडीत काढली आहे. ती समजूत मला फार घातक वाटते, कारण नियंत्रण करणाऱ्याचे निम्मे काम तिसऱ्या माणसांनी आपणहून दूर होण्यानेच पार पडते. ती दोनदा बारशाला आली नाही, तीनदा फोन उचलला नाही, की लोक म्हणतात ‘आता तिला आपली गरज नाही’, आणि बोलावणे बंद होते. तिच्या नवऱ्याला नेमके तेच हवे असते.

जुन्या काळी सासुरवाशिणीला न्यायला पंचमीला, दिवाळीला माहेरचा मुराळी येत असे. जात्यावरच्या ओव्यांत त्याची वाट पाहणे भरून राहिले आहे. त्या काळाचे मी गोडवे गाणार नाही. त्याच माहेराने असंख्य मुलींना रडत परत पाठवले आहे. पण वर्षातून ठरावीक वेळा तिच्या बाजूचे कुणीतरी त्या उंबऱ्यात येऊन उभे राहत होते, ती किती वाळली, हातावर वळ आहेत का, बोलताना कुणाकडे पाहते, हे आपल्या डोळ्यांनी बघत होते, आणि ते नाकारणे सासरच्यांना लोकलाजेमुळे कठीण होते. आज फोन आहे म्हणून भेटीची गरज संपली असे वाटते, पण तो फोन कुणाच्या हातात आहे आणि व्हिडिओ कॉलच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हे पडद्यावर कळत नाही. परदेशात तर हे अधिकच तीव्र होते. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, अमेरिकेत गेलेल्या मुलीला बहुतेक वेळा काम करण्याची मुभा नसते, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, खाते त्याचे, भाषा परकी, आणि रविवारच्या कॉलमध्ये आई-वडिलांना मागचे सुंदर स्वयंपाकघर दिसते. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था सुरू झाली ती अशाच परिस्थितीतून, आणि त्या भागात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

नियंत्रण फक्त पतीच करतो असे नाही. एकुलत्या एका मुलाच्या लग्नानंतर आजारपणाच्या फोनवर फोन करणारी आई, मुलीच्या प्रत्येक मैत्रिणीत खोट काढणारे विधुर वडील, नवऱ्याला त्याच्या मित्रांपासून तोडणारी बायको, ही नाती मी पाहिली आहेत आणि त्यांतही मुळाशी तोच धास्तावलेला एकाकीपणा असतो. तरीही ज्या घरात पैसा, घर, समाज आणि शारीरिक बळ हे सगळे एकाच बाजूला असते तिथे नियंत्रणाचे परिणाम जिवावर बेततात, म्हणून मी इथे त्याच घरांबद्दल अधिक लिहिते आहे.

बाजूच्या माणसाने करायचे काय, हे मला अनुभवाने थोडे कळले आहे. नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. त्याची किंमत ती संध्याकाळी घरी मोजते. ‘सोडून दे त्याला’ असा हुकूमही देऊ नये, कारण आयुष्यभर दुसऱ्याचे हुकूम ऐकणाऱ्या बाईला तो आणखी एक हुकूम असतो, आणि सोडून जाण्याचा काळ हा सर्वांत धोक्याचा असल्याने तयारीशिवाय उचललेले पाऊल अंगाशी येते. कोणत्या वेळी आणि कोणत्या फोनवर बोलणे सुरक्षित आहे, हे आधी तिलाच विचारावे. आधार कार्ड, शाळा-कॉलेजचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती तिच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवता येतात. दुसऱ्या बँकेत फक्त तिच्या नावाचे, तिच्याच क्रमांकावरचे बचत खाते उघडता येते. शिल्लक ठेवणे जमत नसेल तर मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही. मुंबईत पोलिसांबरोबर काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केले आणि पुढे ते राज्यभर पोचले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, जिथे बाई औषधाच्या निमित्ताने जाऊ शकते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

या सगळ्याआधी बोलावत राहायचे असते. आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्या सहकारी मुलीला भिशी सोडल्यानंतरही प्रत्येक वेळी निरोप दिला, ‘तू आली नाहीस तरी चालेल, पण तुझी जागा आहे.’ त्यांनी कधी कारण विचारले नाही, कधी रुसल्या नाहीत. संक्रांतीला वाण घेऊन त्या तिच्या घरी जात, दहा मिनिटे बसत, त्याच्याशीही नीट बोलत आणि निघत. पुढे एका रात्री तिला घराबाहेर पडावे लागले तेव्हा तिने माहेरी फोन केला नाही, कारण माहेरचा धागा तोवर तुटला होता. तिने या बाईंना फोन केला.

ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. सुरुवातीला फोन वाजला नाही तरी तिला धडधडत असे, आणि बाजारात कोणती भाजी घ्यावी हे ठरवताना ती कुणाला तरी विचारण्यासाठी वळून पाहत असे. समुपदेशन बराच काळ चालले, अजूनही अधूनमधून चालते. परीक्षा तिने दिली. तिच्या पतीविषयी मला एवढेच कळले की तो आता खरोखरच एकटा राहतो. पुरुषांशी याच विषयावर बोलणारी ‘मावा’सारखी संस्था मुंबईत १९९३ पासून काम करते आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक कुणालाही मोफत लावता येतो. त्याच्या कार्यालयातल्या कुणी, एखाद्या जुन्या मित्राने त्याला तिथवर न्यावे असे मला मनापासून वाटते. तिने मात्र नाही.